हापूसच्या कोयीला हापूस का लागत नाही?

प्रश्नकर्त्यांनी परसातल्या हापूस कलमाच्या पिकलेल्या फळाची कोय रुजवली, रोप वाढवले आणि आठ-नऊ वर्षांनी त्याला पहिली फळे आली, ती लहान, रेषाळ आणि सालीजवळ आंबट निघाली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. आईचे गुण कोयीत का उतरले नाहीत? कुंपणापलीकडच्या रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीतून उगवलेल्या, झाडाच्या परागामुळे मूळ कलमाची फळेही हळूहळू बिघडतील का? आणि सगळे हापूस एकाच झाडाची कलमे असतील, तर देवगडचा आणि रत्नागिरीचा आंबा वेगळा का लागतो? कोकणात आंब्याच्या संकर-पैदाशीचे काम करताना हेच प्रश्न बागायतदारांकडून सतत येतात, आणि एकाच जातीच्या सजीवांमध्ये फरक कुठून येतो हे समजून घ्यायला यांच्याइतके चांगले प्रश्न मला दुसरे ठाऊक नाहीत. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर देतो.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आंबा ही सजीवांची एक जाती आहे. हापूस हे त्या जातीतल्या एका वाणाचे नाव आहे, आणि आनुवंशिकदृष्ट्या पाहिले तर ते एकाच झाडाचे नाव आहे. कधीतरी एका कोयीतून एक असामान्य रोप उगवले, त्याचे फळ कोणाला तरी आवडले आणि त्याची काडी दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या दुसऱ्या रोपाच्या बुंध्यावर, बांधली गेली. गोव्यात पोर्तुगीज काळात आंब्याच्या कलमांची पद्धत रुळली आणि हापूस, मानकुराद, मुसराद, फर्नांदिना यांसारखी निवडक झाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती त्या पद्धतीमुळे. आज कोकणात लाखो हापूस उभे असले, तरी त्यांचा खुंटाच्या वरचा भाग हा त्या एकाच मूळ झाडाचा विस्तार आहे. कलम बांधताना नवा जीव जन्माला येत नाही, जुन्याच जिवाच्या पेशी विभागत पुढे वाढत राहतात. कोयीतून मात्र नवा जीव जन्माला येतो, आणि तो त्याच्या आईची नक्कल नसतो.

आंब्याच्या प्रत्येक पेशीत वारसा वाहून नेणारे ४० धागे, म्हणजे गुणसूत्रे, असतात; त्यांच्या २० जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र त्या झाडाला आईकडून, म्हणजे ज्या फुलाचे फळ झाले त्या झाडाकडून, आणि दुसरे पराग देणाऱ्या झाडाकडून मिळालेले असते. मोहोरात परागकण आणि बीजांड तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतले कोणतेतरी एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणते जाईल हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे, योगायोगाने ठरते. त्यामुळे २० जोड्यांतून एकच झाड १० लाख ४८ हजारांहून अधिक निरनिराळ्या प्रकारची बीजांडे बनवू शकते, आणि परागकणांच्या बाबतीतही हेच खरे आहे. दोहोंच्या मिलनातून संभवणाऱ्या जुळण्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होते. प्रत्यक्षात तर विविधता याहूनही जास्त असते, कारण जोडीतली दोन गुणसूत्रे वेगळी होण्यापूर्वी एकमेकांना बिलगून आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. तेव्हा हापूसच्या दोन कोयी कधीही सारख्या नसतात, मग त्या एकाच फांदीवरच्या, एकाच देठाच्या फळांतल्या का असेनात.

यावर बरेच जण विचारतात की मग भात, गहू किंवा वाटाणा यांचे बी पेरल्यावर तेच वाण कसे उगवते? याचे कारण असे की ही पिके बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतल्या दोन्ही प्रती सारख्या होत जातात, आणि दोन्ही प्रती सारख्याच असतील तर कोणतीही पुढे गेली तरी फरक पडत नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून ब्रूनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनोच्या) मठाच्या बागेत प्रयोगांसाठी वाटाणा निवडला, त्यामागे हेही एक कारण होते. गोल दाण्याचा शुद्ध वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा शुद्ध वाटाणा यांचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या पिढीला स्वतःच्याच परागाने फळू दिल्यावर पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती पहिल्या पिढीत दिसली नाही, पण ती नाहीशी झाली नव्हती. गोलपणाचे जनुक, म्हणजे गुणसूत्रावरचा तो गुण ठरवणारा भाग, प्रभावी असल्यामुळे सुरकुतीचे अप्रभावी जनुक झाकले गेले होते, आणि ज्या दाण्याला ते दोन्हीकडून मिळाले तिथे सुरकुती जशीच्या तशी पुन्हा दिसली. ही सुरकुती येते कशी, हे १९९० मध्ये रेणूंच्या पातळीवर उलगडले. पिष्टाच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा एक तुकडा घुसला आहे, त्यामुळे ते विकर नीट बनत नाही, दाण्यात साखर जास्त साठते, तिच्यामागोमाग पाणीही जास्त येते आणि वाळताना दाणा आक्रसतो. एका जातीतल्या दोन जीवांमधला ‘फरक’ म्हणजे मुळाशी काय असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

हापूसची गोष्ट वाटाण्याच्या अगदी उलट आहे. आंबा मुख्यत्वे परपरागणाने फळतो. माश्या आणि इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि दशहरी, लंगडा यांसारख्या काही वाणांत तर स्वतःचा पराग चालतच नाही. शतकानुशतके असे मिश्रण होत आलेले असल्यामुळे प्रत्येक आंब्याच्या झाडात असंख्य ठिकाणी जोडीतल्या दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असतात. हापूसचा स्वाद, रंग, गराचा मऊपणा आणि टिकण्याची क्षमता हे सारे त्या विशिष्ट जुळणीतून आलेले आहे. समजण्यापुरते असे धरू की हापूसपण फक्त दहा जनुकांवर अवलंबून आहे आणि त्या दहाही ठिकाणी दोन प्रती भिन्न आहेत. तरीही, अगदी हापूसवर हापूसचाच पराग पडला तरी, ती दहाच्या दहा ठिकाणे पुन्हा तशीच जुळून येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक एवढीच उरते. प्रत्यक्षात जनुके दहापेक्षा पुष्कळ अधिक आहेत आणि पराग बहुधा परक्या झाडाचा असतो. तुमच्या रोपात काही बिघाड झालेला नाही. त्याला आईच्या गुणसूत्रांपैकी निम्मीच मिळाली, उरलेली निम्मी वडिलांकडून आली, आणि ते वडील बहुधा जवळपासचे एखादे रायवळ झाड असावे.

फळाचे वजन, गोडी किंवा झाडाची उंची हे गुण वाटाण्याच्या दाण्यासारखे ‘हे किंवा ते’ अशा दोनच रूपांत दिसत नाहीत. ते लहानापासून मोठ्यापर्यंत सलग पसरलेले असतात, आणि त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की आईवडिलांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जातात. स्वीडनमधील निल्सन-एले यांनी १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावर काम करून हा समज खोडून काढला. एका संकरात त्या रंगामागे जनुकांच्या तीन जोड्या होत्या, प्रत्येक प्रत रंगात थोडी थोडी भर घालत होती, आणि दुसऱ्या पिढीत गर्द लाल ते फिकट अशा सगळ्या छटा उतरल्या. पूर्ण पांढरा दाणा मात्र ६४ मध्ये फक्त एक आला. म्हणजे प्रत्येक जनुक आपली ओळख न गमावता पुढे जाते, परंतु अनेकांचा एकत्रित परिणाम डोळ्याला सलग भासतो. शेतकरी जेव्हा ‘फळ बापावर गेले’ किंवा ‘आजीवर गेले’ म्हणतात, तेव्हा त्यांचे निरीक्षण बरेचदा योग्य असते. दोन पिढ्या झाकलेला गुण तिसरीत उघडा पडू शकतो.

एकाच आईवडिलांची मुले किती वेगळी निघतात, हे पाहायला आपल्याकडे दूर जावे लागत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ हे वाण दिले. ते दरवर्षी फळते आणि त्यात साका, म्हणजे पिकताना गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, होत नाही. त्याच दोन वाणांच्या संकरातून पुढे ‘कोकण रुची’ निघाले, पण ते लोणच्यासाठी. आईबाप तेच, तरी एका भावंडाचे फळ पिकवून खायचे आणि दुसऱ्याचे कैरी असतानाच उतरवायचे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत नीलम आणि दशहरी यांच्यापासून मल्लिका आणि आम्रपाली ही दोन वाणे झाली. मल्लिकाचे फळ मोठे, तर आम्रपालीचे झाड ठेंगणे आणि फळ लहान, गर गडद केशरी. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला, ज्याची कोय इतकी पातळ असते की फळ जवळजवळ बिनकोयीचे वाटते. आजी-आजोबांपैकी कोणातही इतकी पातळ कोय नव्हती. नवी जुळणी म्हणजे काय, ते इथे हातात घेऊन पाहता येते.

हे काम किती संथ चालते हेही सांगायला हवे, कारण त्याशिवाय चांगले वाण दुर्मीळ का असते ते कळत नाही. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो फुले असतात. त्यांतली बरीचशी केवळ नर असतात आणि थोडी द्विलिंगी. द्विलिंगी फुलात बहुधा एकच कार्यक्षम पुंकेसर असतो. फूल सकाळी उमलताच, परागकोश फुटण्यापूर्वी, तो बारीक चिमट्याने काढायचा, निवडलेल्या वडिलांचा पराग कुक्षीवर अलगद टेकवायचा, उरलेली फुले खुडायची आणि मोहोरावर पिशवी बांधायची. एवढे करूनही बहुतेक फळे कणी किंवा बोराएवढी असतानाच गळून जातात. जे टिकते त्यात एकच बी, म्हणजे एवढ्या खटाटोपातून एकच रोप. टोमॅटोच्या एका संकरित फळातून शेकड्याने बिया मिळतात. आंब्यात मात्र त्या एका रोपाला फळ धरेपर्यंत सहा ते दहा वर्षे थांबायचे, आणि फळ चाखल्यावर बहुतेक रोपे बाद करायची.

आता दुसरा प्रश्न. शेजारच्या रायवळाचा पराग हापूसच्या फुलावर पडला तर ते फळ आंबट होते का? होत नाही, आणि या बाबतीत आपण पूर्ण निश्चिंत राहावे. फुलातल्या अंडाशयाची भिंत वाढून आंब्याचा गर आणि साल होते, आणि ती भिंत पूर्णपणे आईच्या झाडाची असते. कोयीचे कवचही तिचेच. वडिलांचा वाटा कवचाच्या आत, भ्रूणात असतो. म्हणून हापूसच्या झाडावरचे प्रत्येक फळ हापूसच असते, पराग कोणाचाही असो, आणि रायवळाचा परिणाम पाहायचा तर ती कोय लावून, वाढवून, त्या नव्या झाडाचे फळ चाखावे लागते. मक्याच्या बाबतीत मात्र उलटे घडते, आणि हा गैरसमज तिथूनच आला असावा. पांढऱ्या मक्यावर पिवळ्या मक्याचा पराग पडला तर त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात, कारण मक्याचा आपण खातो तो दाणा म्हणजेच बी असते आणि त्यातल्या पिष्टमय भागातही वडिलांचे जनुक असते. आपण फळाचा कोणता भाग खातो, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

एक अपवाद सांगितला नाही तर कोणीतरी अनुभवी बागायतदार मला लगेच अडवेल, आणि ते योग्यच होईल. काही आंबे कोयीतूनही आईसारखेच उगवतात. पश्चिम किनाऱ्यावरचे ओलूर, वेल्लइकोलंबन, चंद्रकरन, कुरुक्कन असे वाण आणि आग्नेय आशियातले बरेच आंबे या गटातले आहेत. फरक बघायचा असेल तर वाळलेल्या कोयीची कड कात्रीने कापून कवच उघडावे आणि आतले तपकिरी, कागदासारखे आवरण सोलावे. हापूसच्या कोयीत दोन जाड दळे एकमेकांना चिकटलेली दिसतील आणि त्यांच्या टोकाशी एकच अंकुर असेल. ओलूरच्या कोयीत मात्र लहानमोठ्या आकाराचे अनेक तुकडे एकमेकांत गच्च बसलेले सापडतात, आणि पेरल्यावर एकाच कोयीतून दोन, तीन, कधी त्याहून अधिक रोपे वर येतात. त्यांतली बहुतेक रोपे बीजांडाभोवतीच्या आईच्याच पेशींपासून बनलेली असतात. त्यांत गुणसूत्रांची फाटाफूट झालेली नसते, वडिलांचा वाटाही नसतो, आणि म्हणून ती आईची हुबेहूब प्रत असतात. हा बहुभ्रूणतेचा गुण स्वतः मात्र रीतसर वारशाने जातो, आणि एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याप्रमाणे वागतो. एकसारखे खुंट हवे असतील तेव्हा अशा वाणांचा मोठा उपयोग होतो. हापूसच्या कलमांसाठी आपण रायवळ कोयी वापरतो, त्यामुळे प्रत्येक खुंट वेगळा असतो आणि एकाच दिवशी लावलेल्या बागेतही झाडांचा जोम कमीजास्त दिसतो.

तिथून तिसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. देवगड आणि रत्नागिरी इथल्या हापूसची जनुके मुख्यतः तीच आहेत. फरक पडतो तो माती, कातळाची खोली, समुद्रावरचा वारा, पाऊस थांबण्याची वेळ, खुंट आणि फळ कोणत्या तयारीला उतरवले यांमुळे. डेन्मार्कचे योहान्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेवड्याच्या शुद्ध वंशांवर हेच दाखवले. एका शुद्ध वंशातले दाणेही लहानमोठे असतात, पण त्यातला सर्वांत मोठा दाणा पेरला काय आणि सर्वांत लहान पेरला काय, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते. ‘जनुक’ हा शब्द आपण ज्या ‘जीन’ या मूळ शब्दासाठी वापरतो तो योहान्सन यांनीच १९०९ मध्ये रूढ केला, आणि सजीवाचा आतला वारसा व त्याचे बाहेर दिसणारे रूप यांत फरक करायला त्यांनीच शिकवले. रत्नागिरीकडून मलावीत नेलेल्या हापूस कलमांचे उदाहरणही बोलके आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने तीच जनुके तिथे वेगळ्या वेळी मोहोरतात, आणि ते आंबे नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येतात. झाड बदलले नाही, त्याला मिळालेले वर्ष बदलले. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन हेच मान्य करते की वाण आणि भूमी दोन्ही मिळून फळ घडते.

साका हे यातले सर्वांत शिकवणारे उदाहरण मला वाटते. झाडाखाली गवताचे आच्छादन करून जमिनीतून वर येणारी धग कमी केली तर हापूसमधला साका घटतो, म्हणजे कारण परिसरात आहे. पण त्याच उन्हात, त्याच कातळावर रत्नाच्या फळात साका होत नाही, म्हणजे कारण वारशातही आहे. ‘साका जनुकामुळे होतो की उन्हामुळे’ असा प्रश्न त्यामुळे लागू पडत नाही. हापूसच्या जनुकांना ते ऊन सोसत नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

कलमांमध्ये कधीच काही बदलत नाही असे मात्र नाही. वाढत्या शेंड्यातल्या एखाद्या पेशीत डीएनएची प्रत उतरताना चूक होते, त्या पेशीपासून पूर्ण फांदी वाढते, आणि त्या फांदीचे फळ थोडे लवकर येते किंवा रंगाने उजवे असते. अशा फांद्यांची कलमे वेगळी करून लावली तर फरक टिकतो. म्हणून कलमासाठी काडी घेताना ‘झाड हापूसचे आहे’ एवढ्यावर थांबू नये. ज्या झाडाची फळे काही हंगाम स्वतः पाहिलेली आहेत, त्याच्याच चांगल्या फांदीची काडी घ्यावी.

तरीही हे छोटे बदल पुरेसे नाहीत, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आली, भुरी हा बुरशीचा रोग पडला, रस शोषणारा तुडतुडा हा कीटक वाढला की सगळ्या हापूस बागा एकदम हतबल होतात, कारण त्या सगळ्या मिळून एकच झाड आहेत. त्यांच्या जनुकांत निवडीला वावच उरलेला नाही. वाव आहे तो बांधावरच्या, नदीकाठच्या, देवळाजवळच्या रायवळ झाडांत. त्यांतले प्रत्येक झाड वेगळ्या कोयीतून आलेले, वेगळ्या जुळणीचे आहे. एखादे भर पावसाळ्यात पिकते, एखादे दरवर्षी लगडते, एखाद्याच्या मोहोराला भुरी कमी लागते. हापूसही अशाच एका कोयीतून आला. ही झाडे लाकडासाठी किंवा नव्या बागेच्या जागेसाठी तोडली जातात तेव्हा पुढच्या संकराला लागणारे जनुक त्यांच्याबरोबर जाते, आणि एकदा गेलेली जुळणी परत मागवता येत नाही.

आता आपल्या झाडाविषयी. पहिल्या एक-दोन हंगामांच्या फळांवरून ते बाद करू नये, कारण सुरुवातीची फळे पुष्कळदा त्या झाडाचा खरा स्वभाव दाखवत नाहीत. आणखी दोन-तीन वर्षे ते केव्हा मोहोरते, दरवर्षी धरते का, कैरीचे लोणचे कडक राहते का आणि रस कसा निघतो, याची नोंद ठेवावी. काही उपयोग नाही असे ठरले तरी झाड तोडण्याची गरज नाही. खोड छाटून फुटणाऱ्या जोमदार फुटव्यांपैकी चार-पाच राखावेत आणि कोवळ्या फुटव्यांवर, पाहणीतल्या चांगल्या हापूसच्या काड्या बांधाव्यात. मुळे आधीच खोल गेलेली असल्यामुळे नव्या कलमापेक्षा फळ लवकर मिळते. एक फांदी मात्र मूळ झाडाची ठेवावी. आणि नोंदीतून एखादा खरोखर वेगळा गुण पुढे आला, तर २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली ते झाड शेतकऱ्याचे वाण म्हणून नोंदवता येते. त्यासाठी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्रात फळे, पाने आणि आपली वही घेऊन जावे.